गोळी नको असेल तर: हार्मोनविरहित गर्भनिरोधनाची निवड

गोळ्या नकोत, इंजेक्शन नको, शरीरात बाहेरचं हार्मोन जायला नको. पण इतक्यात दिवसही राहायला नकोत. हे म्हणणं अगदी रास्त आहे आणि त्यामागची कारणं बाईगणिक वेगळी असतात. कुणाला गोळ्यांनी मळमळतं, कुणाचा स्वभाव चिडचिडा होतो. कुणाला अर्धशिशी असते आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकायला लागतं, म्हणून डॉक्टरांनीच इस्ट्रोजेनच्या गोळ्यांना मनाई केलेली असते. कुणाच्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असते, कुणी स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली असते. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल किंवा फिटांची काही औषधं चालू असतील, तर गोळीचा परिणामच कमी होतो. आणि कुणाला यातलं काहीही नसतं. आहार, व्यायाम, झोप सांभाळून राहणाऱ्या त्या बाईला रोज गोळी घ्यायची नसते, इतकंच. तेवढं कारणही पुरेसं आहे, ते कुणाला पटवून देत बसायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. गोळी म्हणजे विष नव्हे. पाळीत फार रक्तस्राव होतो म्हणून, एंडोमेट्रिऑसिससाठी किंवा पीसीओएससाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर हा लेख वाचून त्या बंद करू नका. तिथे गोळी औषध म्हणून काम करत असते.

‘नैसर्गिक’ म्हणून आपल्या मनात पद्धतींचा जो क्रम असतो, तो भरवशाचा क्रम नसतो. दिवस मोजणं सगळ्यांत नैसर्गिक वाटतं आणि गर्भाशयात तांब्याची तार बसवणं सगळ्यांत परकं वाटतं. पण काहीच न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात साधारण ८५ जणींना दिवस राहतात. निरोध वापरणाऱ्यांत ही संख्या १३च्या आसपास येते, वीर्यपतनाआधी बाहेर काढणाऱ्यांत २०च्या आसपास आणि तांबी बसवलेल्यांत एकाहूनही कमी. हे आकडे रोजच्या वापराचे आहेत. म्हणजे विसरणं, आळस, घाई, ‘आज एक दिवस चालेल’, हे सगळं त्यात धरलेलं आहे. तोच निरोध प्रत्येक वेळी, नीट आणि सुरुवातीपासून वापरला तर १३चे २ होतात. तांबीच्या बाबतीत मात्र दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच राहतात, कारण ती बसवल्यावर तुम्ही करायचं असं काही उरतच नाही.

म्हणून कुठलीही पद्धत निवडण्याआधी दोघांनी बसून दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. आत्ता दिवस राहिले तर काय होईल: ‘बरं, थोडं लवकर झालं’ असं म्हणता येईल, की सगळंच विस्कटेल? आणि या कामात नवरा किती उतरणार आहे? हार्मोन नसलेल्या बहुतेक पद्धती एकट्या बाईने निभावायच्या नसतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. तिथे भिडेपोटी जे बोललं जातं, त्याची किंमत नंतर बाईचं शरीर मोजतं.

तांबी

हार्मोन नको आणि भरवसा पक्का हवा, असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर तांबी हेच असतं. आपल्याकडे कॉपर-टीला याच नावाने ओळखतात. इंग्रजी ‘टी’च्या आकाराचा प्लास्टिकचा छोटा सांगाडा, त्यावर तांब्याची तार आणि खाली दोन बारीक दोरे. कॉपर-टी ३८० ए या प्रकारावर ३८० चौरस मिलिमीटर तांब्याचा पृष्ठभाग असतो आणि तो दहा वर्षं काम देतो. सरकारी दवाखान्यात पाच वर्षांची ३७५ ही तांबीही मिळते. दोन्ही मोफत बसवून मिळतात. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे बीज फळतच नाही. पाळीचं चक्र, बीज सुटणं, आपली स्वतःची हार्मोन्स हे सारं जसंच्या तसं चालू राहतं. तांबी काढली की पुढच्याच चक्रात दिवस राहू शकतात.

बसवताना काय होतं ते कुणी नीट सांगत नाही आणि त्यामुळे भीती वाढते. आधी आतून तपासणी होते. गर्भाशय कुठल्या बाजूला कललेलं आहे ते बघतात. मग योनीमार्ग उघडा ठेवायचं उपकरण लावून गर्भाशयाचं तोंड औषधाने पुसतात, ते एका चिमट्याने स्थिर धरतात आणि एक बारीक सळई आत घालून गर्भाशयाची खोली मोजतात. या दोन वेळा कळ येते, पाळीतल्या दुखण्यापेक्षा थोडी जास्त. त्यानंतर नळीतून तांबी आत सोडतात, नळी काढून घेतात आणि दोरे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापतात. एवढ्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. कुणाला त्यानंतर चक्कर येते; म्हणून लगेच उठू नका, थोडा वेळ पडून राहा आणि सोबत कुणीतरी न्या. दुखण्यावरची गोळी आधी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांच्या आत बसवली, तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री सोपी असते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. ती वेळ टळली तर सहा आठवडे थांबतात.

आता तिची खोड. पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जातं आणि ओटीपोटात दुखतं. बहुतेकींचं पुढे कमी होतं, काहींचं होत नाही. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यामुळे तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि ते कमी असेल तर आधी भरून काढा. मुळातच पाळीत फार जात असेल, तर तांबी तुमच्यासाठी बहुधा नाही. जननमार्गात जंतुसंसर्ग चालू असेल, रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसेल, गाठींमुळे गर्भाशयाचा आकार बिघडलेला असेल किंवा शरीरात तांबं साठून राहण्याचा विल्सन नावाचा आजार असेल, तरी ती बसवत नाहीत.

तांबी पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडण्याची शक्यता असते. म्हणून पहिल्या पाळीनंतर तपासून घ्या आणि पुढे पाळी संपली की स्वच्छ बोटाने दोरे लागतात का ते बघा. दोरे लागले नाहीत किंवा प्लास्टिकचं टोक हाताला लागलं, तर दवाखान्यात दाखवेपर्यंत निरोध वापरा. मासिक पाळीचा कप वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची: कप ओढून काढू नका. आधी त्याच्या कडेला बोट घालून आतली हवेची पकड सोडवा, नाहीतर कपाबरोबर दोरेही ओढले जातात. बसवून देणाऱ्यांना कप वापरत असल्याचं आधीच सांगितलं तर ते दोरे जरा आखूड ठेवतात.

‘तांबी वर चढते, छातीत जाते, आत गंजते’ हे अजूनही ऐकू येतं. तांबी छातीत जात नाही. बसवताना गर्भाशयाच्या भिंतीला छेद जाऊन ती पोटात सरकू शकते, पण हे हजारात एक-दोघींच्या बाबतीत होतं आणि सोनोग्राफी किंवा एक्स-रेमध्ये दिसतं. तांबी असतानाही पाळी चुकली आणि एका बाजूला पोटात दुखू लागलं, तर मात्र वाट बघू नका. तांबीवर दिवस राहणं दुर्मीळ आहे. पण राहिलेच तर गर्भ नळीत अडकलेला असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते.

अजून मूल नसलेल्या बायकांना बरेच डॉक्टर तांबीला नाही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मूल न झालेली स्त्री तांबी वापरू शकते. फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत, असंच त्यात धरलं आहे. नकार मिळाला तर कारण विचारा आणि ते पटलं नाही तर दुसरा सल्ला घ्या. आणि बसवताना ‘तांब्याचीच ना?’ हे विचाराच. खासगी रुग्णालयांत याच आकाराचं, हार्मोन सोडणारं साधनही बसवतात. पाळीत फार जाणाऱ्यांना ते उपयोगी पडतं, पण तुम्ही मागितलेलं ते नव्हे. बसवल्याची आणि काढायची तारीख लिहिलेलं कार्ड घरच्या कागदपत्रांत ठेवा.

छायाची गोळी

सरकारी दवाखान्यात ‘छाया’ आणि औषधाच्या दुकानात ‘सहेली’ या नावाने मिळणारी गोळी हार्मोनविरहित म्हणून दिली जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेलं सेंटक्रोमन हे यातलं औषध. १९९१ मध्ये ‘सहेली’ बाजारात आली. पहिले तीन महिने आठवड्यातून ठरलेल्या दोन वारी आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

या गोळीत हार्मोन नाही हे खरं. पण इस्ट्रोजेन शरीरात ज्या जागी जाऊन बसतं, त्याच जागांवर ही गोळी काम करते. त्यामुळे ‘माझ्या हार्मोनच्या कारभारात कुणी हात घालायला नको’ अशी तुमची भूमिका असेल, तर छाया त्यात बसत नाही. ‘मळमळ नको, वजन वाढायला नको, रोजची गोळी नको’ एवढंच म्हणणं असेल तर जरूर विचार करा. हा फरक गोळी देताना सहसा सांगितला जात नाही, म्हणून इथे सांगितला. सुरुवातीला काहींची पाळी लांबते आणि दिवस गेले की काय अशी धास्ती वाटते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करून घ्या. अंडाशयात गाठी किंवा पीसीओएस असेल, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही गोळी घ्यायची नाही.

निरोध

सरकारने १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आणला आणि ते नावच वस्तूचं नाव होऊन बसलं. लैंगिक आजारांपासूनही संरक्षण देणारं साधन हे एकच. तांबी, नसबंदी, दिवस मोजणं यांतलं काहीही एचआयव्ही किंवा गरमीला अडवत नाही.

निरोध फाटतो किंवा निसटतो तो बहुतेक वेळा वापरण्याच्या चुकीने. त्यातली एक चूक आपल्या घरातलीच आहे: खोबरेल तेल. रबराच्या निरोधाला खोबरेल, मालिशचं तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लागलं की काही मिनिटांत रबर कमकुवत होतं. ‘नैसर्गिक’ म्हणून तेल वापरणाऱ्यांनी हे जपायलाच हवं. कोरडेपणा वाटत असेल तर पाण्यावर आधारित किंवा सिलिकोनचं जेल घ्या. पाकीट खिशात, गाडीच्या डिकीत, उन्हात ठेवू नका. मुदत बघून घ्या. दाताने फाडू नका. टोकाशी हवा राहू देऊ नका. वीर्यपतन झालं की लिंग ताठ असतानाच, कडा हाताने धरून बाहेर काढा. अर्ध्यातून चढवलेला निरोध हा निरोध नव्हेच. रबराची ॲलर्जी असेल तर पॉलियुरेथेनचे निरोध मिळतात.

बायकांनी आत घालायचा निरोधही असतो, पण तो सहज मिळत नाही आणि रोजच्या वापरात शंभरात एकवीस जणींना दिवस राहतात. शुक्रजंतुनाशक गोळ्या किंवा जेल एकट्याने वापरायच्या लायकीची नाहीत. त्यांतल्या नोनॉक्सिनॉलने वारंवार वापरल्यास आतली त्वचा सोलवटते आणि एचआयव्हीचा धोका उलट वाढतो.

दिवस ओळखणं

‘पाळीच्या आधीचे सात आणि नंतरचे सात दिवस सुरक्षित’ हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्यातला पहिला अर्धा भाग बऱ्याचदा जमून जातो, दुसऱ्याने घात होतो. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. सुटलेलं बीज १२ ते २४ तास जगतं. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. ज्या बाईची पाळी २४ दिवसांनी येते तिचं बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. म्हणजे सहाव्या दिवशी, पाळी नुकती थांबलेली असताना झालेल्या संबंधानेही तिला दिवस राहू शकतात.

तारखांवरच चालायचं असेल तर निदान हिशोब तरी नीट करा. सहा महिने पाळीची नोंद ठेवा. सगळ्यांत लहान चक्रातून १८ वजा करा, सगळ्यांत मोठ्यातून ११. समजा लहान चक्र २७ दिवसांचं आणि मोठं ३१ दिवसांचं निघालं. तर नवव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंतचा काळ दिवस राहण्याचा. याहून सोपी रीत अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने बसवली: चक्र नेमाने २६ ते ३२ दिवसांचं असेल तर आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत निरोध किंवा संयम. त्यासाठी बत्तीस मण्यांची रंगीत माळ वापरतात, रोज एक रबरी कडी पुढे सरकवायची. रोजच्या वापरात तिच्यातही शंभरात बारा जणींना दिवस राहतात. मोबाइलवरची पाळीची ॲप्स बहुधा तुमच्या जुन्या तारखांची सरासरी काढून पुढचा अंदाज सांगतात. परीक्षा, प्रवास, आजारपण यांनी या महिन्यात बीज उशिरा सुटलं हे त्यांना कळत नाही. पाळीची आठवण म्हणून ती ठेवा, गर्भनिरोधनासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

तारखांपेक्षा शरीराच्या खुणा अधिक खऱ्या बोलतात. त्या दोन आहेत आणि दोन्ही एकत्र वापरायच्या.

पहिली खूण म्हणजे योनीतला स्राव. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात. मग चिकट, पांढरट, तुटक स्राव दिसू लागतो. बीज सुटायची वेळ जवळ आली की तो पातळ, पारदर्शक आणि निसरडा होतो. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दोन बोटांत धरून ताणला तरी तुटत नाही. हे दिवस सर्वांत जोखमीचे. त्यानंतर तो एकदम घट्ट होतो किंवा नाहीसा होतो. मेलबर्नच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने या खुणेवर पद्धत उभी केली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत तिची चाचणी घेतली, त्यांत आपलं बंगळुरूही होतं. शिकवल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना आपला स्राव ओळखता आला. तरीही बऱ्याच जणींना दिवस राहिले आणि त्यांतल्या बहुतेकींना जोखमीचे दिवस आहेत हे माहीत होतं. खूण ओळखता येत होती. त्या दिवशी थांबणं जमलं नाही.

दुसरी खूण म्हणजे सकाळचं तापमान. बीज सुटल्यावर शरीराचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने, म्हणजे फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर साधारण ०.४ ते १ अंशाने वाढतं आणि पाळी येईपर्यंत वाढलेलंच राहतं. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. तो उशाशी ठेवा. जाग आल्यावर अंथरुणातून उठण्याआधी, पाणी पिण्याआधी, बोलण्याआधी, रोज ठरलेल्या वेळी जिभेखाली धरा आणि आकडा वहीत लिहा. आधीच्या सहा सकाळचे आकडे ९७.३ ते ९७.६ अंशांच्या आत आहेत आणि मग ओळीने तीन सकाळी ९८.०, ९८.१, ९८.१ आले, तर बीज सुटून गेलं. स्रावही ओसरला असेल, तर तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाळी येईपर्यंतचे दिवस मोकळे. ताप, रात्रपाळी, रात्रीचं जागरण, दारू यांनी आकडा फसवतो. त्या दिवशी वहीत तशी खूण करा आणि तो आकडा हिशोबात धरू नका.

दोन्ही खुणा शिकून, नेमाने पाळणाऱ्या जोडप्यांत ही पद्धत फार चांगली चालते. शंभरात एक-दोघींनाच दिवस राहतात. पण जाणत्या शिक्षिकेकडून शिकून, निदान तीन चक्रं निरोधाच्या सोबतीने सराव करून मगच तिच्यावर विसंबा. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना, गोळ्या नुकत्याच बंद केल्या असताना, पीसीओएसमुळे पाळी अनियमित असताना आणि चाळिशीनंतर चक्र बदलू लागल्यावर खुणा गोंधळात टाकतात. योनीत जंतुसंसर्ग झाला असेल तर स्रावावरून काहीच सांगता येत नाही.

आणि जिथे बाईच्या ‘आज नको’ला घरात मान नाही, तिथे ही पद्धत कुणी सुचवूच नये. महिन्यातले दहा-बारा दिवस नवऱ्याने निरोध वापरणं किंवा थांबणं, यावर सगळं उभं आहे. ते होत नसेल तर वही कितीही नीट लिहिली तरी उपयोग नाही. तिथे मी सरळ तांबी सांगेन.

बाळ अंगावर पीत असतानाच्या काळाबद्दल थोडं. बाळ सहा महिन्यांहून लहान आहे, ते फक्त आईच्या दुधावर आहे, पाणी किंवा गुटीसुद्धा नाही, दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर पडत नाही आणि आईची पाळी परत आलेली नाही: या सगळ्या अटी एकत्र पाळल्या तरच दूध पाजणं हे गर्भनिरोधन ठरतं, आणि तेही ९८ टक्के भरवशाचं. एकही अट सुटली की दुसरी पद्धत लगेच सुरू करा. पाळी यायच्या आधीच बीज सुटलेलं असतं, म्हणून ‘पाळी आली की बघू’ म्हणणाऱ्यांची फसगत होते.

पुरुषांचा वाटा

मराठीत गर्भनिरोधनाविषयी उघडपणे लिहिणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. गोळी अमेरिकेत १९६० साली मान्य झाली. म्हणजे कर्व्यांनी लोकांना सांगितलेली साधनं हार्मोनविरहितच होती. त्यांनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं गेली आणि २०१९ ते २०२१च्या त्याच पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के बायकांची शस्त्रक्रिया झालेली दिसते, पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. मला हा आकडा फार लागतो. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, स्वस्त आणि कमी धोक्याची असूनही ही अवस्था आहे.

कुटुंब पूर्ण झालं असेल तर बिनटाक्याच्या नसबंदीचा विचार नवऱ्याने करावा. अंडकोशाची जागा तेवढी बधिर करतात, एका बारीक छिद्रातून दोन्ही शुक्रवाहिन्या बाहेर घेऊन बांधतात आणि कापतात. वीसेक मिनिटांत होतं, टाका लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, या नळ्यांतून नव्हे. त्यामुळे ताकद, इच्छा, ताठरता यांवर परिणाम होत नाही. वीर्यही येतं, त्यात शुक्रजंतू नसतात इतकंच. मात्र नळ्यांत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्याची तपासणी करून शुक्रजंतू नाहीत असा लेखी अहवाल मिळाल्यावरच थांबायचं. ही तपासणी टाळली जाते आणि मग दिवस राहिले की संशय बायकोवर येतो. शस्त्रक्रियेच्या दिवशीच तपासणीची तारीख लिहून घ्या. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच असं नाही. म्हणून हा निर्णय कायमचा समजूनच घ्या.

बाहेर काढण्याबद्दल इतकंच: निरोध नसेल तेव्हा काहीच न करण्यापेक्षा बरं. वर्षानुवर्षं त्यावर राहणारी जोडपी आहेत, पण त्यात सगळा ताबा पुरुषाकडे आणि सगळी काळजी बाईकडे राहते.

पपई, अननस, एरंडीच्या बिया, लिंबाचा रस, तुरटीचं पाणी यांपैकी कशानेही गर्भ राहायचा थांबत नाही. लिंबू किंवा तुरटी आत वापरल्याने जखमा होतात आणि जंतुसंसर्ग होतो. एरंडीच्या बिया विषारी असतात. संबंधानंतर आतून धुणंही निरुपयोगी. तोवर शुक्रजंतू गर्भाशयात पोहोचलेले असतात. ‘आयुर्वेदिक गर्भनिरोधक’ म्हणून मोबाइलवर जाहिरात दिसली, तर घटक आणि चाचणी विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे आणि शरीर दोन्ही वाचवा.

कुणी काय घ्यावं

लग्न नुकतं झालंय, मूल दोन-तीन वर्षांनी हवंय, इतक्यात दिवस राहायला अजिबात नकोत: तांबी, किंवा दोघं शिस्तीचे असाल तर प्रत्येक वेळी निरोध. पहिलं बाळ झालंय आणि तीन वर्षांचं अंतर हवंय: प्रसूतीच्या वेळीच तांबी बसवून घ्यायचं आधी ठरवून सांगा, कळा सुरू झाल्यावर शांतपणे विचार करता येत नाही. रक्त कमी आहे किंवा पाळीत फार जातं: निरोध, किंवा डॉक्टरांशी बोलून छाया. अगदी नवीन नातं आहे: निरोध, आणि भरवसा वाढवायचा असेल तर सोबत तांबी. पाळी नेमाने येते, दोघांना शरीर समजून घ्यायची हौस आहे आणि दिवस राहिलेच तरी संकट नाही: दोन खुणांची पद्धत, जोखमीच्या दिवसांत निरोध. दोन मुलं झाली, आता पुरे: नवऱ्याची नसबंदी. चाळिशी ओलांडली म्हणून सोडून देऊ नका. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यापुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायचीच असते.

पद्धत कोणतीही घ्या, ती फसली तर काय करायचं हे आधी ठाऊक असू द्या. निरोध फाटला किंवा दिवस चुकला, तर औषधाच्या दुकानात मिळणारी आणीबाणीची गोळी हार्मोनचीच असते. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. तीही नको असेल तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घ्या. आणीबाणीतला तो सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि पुढची दहा वर्षंही त्यात सुटतात. तांबी बसवायला गेल्यावर तारीख नेमकी सांगा, कारण पाच दिवस त्या संबंधापासून मोजायचे असतात. पाळी आठवडाभर चुकली तर सकाळच्या पहिल्या लघवीवर घरच्या घरी तपासणी करा. दिवस राहिलेच आणि नको असतील, तर गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्याने मान्य आहे. १९७१च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर लग्न झालेलं नसलं तरी ते मान्य आहे, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातच जा आणि लवकर जा. परस्पर गोळ्या आणून घेतल्या आणि अंगावरून थांबेना, तर लपवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.